पंचविसाच्या आत

डुलूथमध्ये जानेवारीत
पारा शून्याखाली पंचवीसवर जातो तेव्हा
सरोवरातून वाफ उठते.
पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, म्हणून.
हे कर्ट निएमी मला समजावून सांगतो,
कारण मी विचारलेलं दुसरंच असतं.

मी विचारलेलं असतं : काल रात्री कुठे झोपलास?

प्रश्न फॉर्मातला आहे, माझा नाही.
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं,
शून्य ते तीन, एकावर खूण करा.
तो माझं पेन घेतो,
शून्य आणि एकच्या मधल्या कोऱ्या जागेत
एक लहानसं जहाज काढतो.

पहिल्याच दिवशी त्याने खुर्ची फिरवली होती.
तेव्हापासून भिंतीकडची त्याची,
आणि दाराला पाठ माझी.
आपल्या मागून काय येतंय
ते दुसऱ्याच्या डोळ्यांत बघत बसायचं,
एवढं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

ज्याला घर नाही
त्याच्या आत कुणीतरी घर करून बसलंय.
रमादीबाहेरचा एक रस्ता,
एक पांढरी टोयोटा, वेग कमी न केलेली.
आत कोण होतं ते तो सांगत नाही.
किती होते ते सांगतो,
एका बोटाने, टेबलावर.
चार वेळा.
चौथी टकटक हलकी.

मी ऐकून घेते.
ऐकून घेते म्हणजे घेतेच,
पण घेतलेलं ठेवायचं कुठे?
गाडीच्या मागच्या सीटवर, रिकाम्या डब्यात,
नवऱ्याचं 'काय झालं' आणि माझं 'काही नाही'
यांच्या मध्ये.

फेब्रुवारीत व्हर्नन डिफो
बसथांब्यावर बसलेलाच सापडला.
खिशात माझं कार्ड होतं,
मागे पुढच्या भेटीची तारीख, माझ्याच अक्षरात.
म्हणून फोन मला आला.
तुम्ही नातेवाईक का, त्यांनी विचारलं.
मी बराच वेळ फोन नुसता धरून होते.

कर्टला खोली मिळाली मार्चच्या सुरुवातीला.
एकोणीस महिने यादीत होता.
तिसरा मजला, दोन किल्ल्या, कोरा पलंग.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
याने अंथरूण पाहिलं
आणि पाय पोटाशी घेतले.
दहा दिवसांनी मी गेले तर
गादीवरचं प्लास्टिक तसंच,
आणि हा बाल्कनीत, स्लीपिंग बॅगमध्ये, बुटांसकट.
"आत फार शांत आहे, मार्लिस.
पुलाखाली निदान वरून ट्रक तरी जायचे."

मी कोट न काढता शेजारी बसले.
यासाठी फॉर्म नाही.
खाली कुणीतरी काचेवरचा बर्फ खरवडत होतं.
त्याने थर्मासातली कॉफी झाकणात ओतली,
झाकण मला दिलं
आणि स्वतः थर्मासला तोंड लावलं.
पाऊण तासात बोलणं झालं ते एवढंच :
मोसमातलं पहिलं जहाज कधी लागेल.
तो म्हणाला, पंचविसाच्या आत.
मी म्हटलं, शक्यच नाही, बर्फ बघ किती जाड.
एका डॉलरची पैज.

बावीस तारखेला पहाटे भोंगा झाला,
एक लांब, दोन आखूड.
मी अंथरुणात उठून बसले
आणि लक्षात आलं की मी हसतेय.

डॉलर द्यायला गेले.
गादीचं प्लास्टिक अजून तसंच होतं.
पण न्हाणीघराला पडदा आला होता,
स्वस्तातला, त्यावर निळे मासे,
एक कडी निसटलेली.
त्याने नोट घेतली, उजेडात धरून तपासली,
घडी घालून खिशात टाकली.

अहवालात 'प्रगती'च्या रकान्यात मी लिहिलं :
पडदा लावला.
वरून कागद परत आला,
समोर लाल शाईत प्रश्नचिन्ह.
मी काही बदललं नाही.
फक्त पुढे जोडलं : मासे आहेत.